पाच मिनिटांचं काम

तिसऱ्यांदा लाल फुली उमटली तेव्हा ताईने माउस सोडून दिला आणि दोन्ही तळहात रुमालाला पुसले.

बदल म्हणजे काय, तर एक शब्द खोडायचा होता. छोट्या वाचनालयांसाठीचा एक प्रोग्रॅम. त्याच्या माहितीपुस्तकात ‘पुस्तक परत घेणे’ या प्रकरणात ‘परत’ हा शब्द लागोपाठ दोनदा पडला होता. त्यातला एक काढायचा. एवढ्यासाठी तिच्या जेवणाच्या सुट्टीच्या तीन दुपारी गेल्या होत्या. बावीस वर्षं ती वाचनालयात देवघेवीच्या खिडकीवर बसत होती. फाटक्या पुस्तकांची बांधणी तिने केली होती, हरवलेली पानं हाताने लिहून चिकटवली होती. पण एक शब्द खोडणं कधी असं जिवावर आलं नव्हतं.

प्रोग्रॅम सगळ्यांसाठी खुला होता. आत काय लिहिलंय ते कोणीही वाचावं, कोणीही सुधारावं. मात्र थेट हात घालायची सोय नव्हती. आधी स्वतःपुरती प्रत काढायची, तिच्यात बदल करायचा आणि मग ‘हा बदल घ्याल का’ अशी विनंती पाठवायची. विनंती आधी एक यंत्र तपासायचं. त्याचं समाधान झालं तर हिरवी खूण, नाही तर लाल फुली. त्यानंतर माणूस बघायचा. माणूस आता एकच उरला होता. त्याचं खरं नाव ताईला माहीत नव्हतं. तिथे तो स्वतःला घुबड म्हणवायचा.

घुबडाचा निरोप आला.

“देवघेवसाहेब, फाइलच्या शेवटी एक रिकामी ओळ सोडा. यंत्र त्यावर अडून बसलंय. तुमची काही चूक नाही, त्याला तेवढंच कळतं.”

नाव नोंदवताना काहीतरी टोपणनाव द्यावं लागलं, तेव्हा खिडकीवरच्या पाटीवर जे होतं तेच तिने टाइप केलं होतं. साहेब म्हटल्याबद्दल ती काही बोलली नाही. तिने रिकामी ओळ सोडली. पडद्यावर एक पिवळा ठिपका गोल गोल फिरला आणि हिरवा झाला. थोड्या वेळाने खाली दोन शब्द आले: “घेतलं. स्वागत.”

ताई त्या दोन शब्दांकडे बघत बसली. हा प्रोग्रॅम तिच्या धाकट्या भावाचा होता. आणि धाकट्याला जाऊन तीन महिने होत आले होते.

ताप आला, अंगावर काढला, छातीत उतरला आणि आठव्या दिवशी सगळं संपलं. अडतिसावं वर्ष. मागे ठेवायला त्याच्याकडे फार काही नव्हतं. चांगली नोकरी सोडून सहा वर्षं तो आईच्या घरातल्या मागच्या खोलीत बसला होता. मधूनमधून कुणाकुणाची बारीकसारीक कामं करून आपल्यापुरतं मिळवायचा, उरलेला सगळा वेळ या प्रोग्रॅमला. “काय करतो तुझा भाऊ?” असं कुणी विचारलं की ताई म्हणायची, “कॉम्प्युटरमध्ये आहे,” आणि विषय बदलायची.

त्याचा फोन आईने बंद होऊ दिला नव्हता. रोज सकाळी उठल्यावर पहिलं काम म्हणजे तो चार्जिंगला लावायचा. ताईने दोनदा सांगून पाहिलं, मग नाद सोडला. आणि एका रविवारी दुपारी तो फोन वाजला. आईने तो हातात घेतला आणि निखारा असल्यासारखा ताईच्या हातात टाकला.

“सर आहेत का?” पलीकडून एका बाईंचा आवाज आला. लांबच्या एका शाळेत त्या शिकवायच्या आणि शाळेच्या मागच्या खोलीत वाचनालय चालवायच्या. “सरांनीच सांगितलं होतं, अडलं की केव्हाही फोन करा म्हणून. गेल्या आठवड्यापासून नवीन मुलांची नावंच चढत नाहीयेत.”

ताईने सांगितलं.

पलीकडे हातातलं काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग त्या बाई म्हणाल्या, “मी त्यांना कधी पाहिलं नाही हो. पण पहिल्या वर्षी तीन तास फोनवर बसले होते माझ्यासोबत. मला चालू-बंद करण्यापलीकडे काही येत नव्हतं.” आणि मग, जरा चाचरत, “आता कुणाला विचारायचं?”

ताईने त्यांचा नंबर लिहून घेतला. कुणाला विचारायचं ते शोधण्यासाठीच ती पहिल्यांदा इंटरनेटवर त्या प्रोग्रॅमच्या पानावर गेली. पानाच्या माथ्यावर घुबडाची सूचना होती. याचा मूळ कर्ता आपल्यात राहिलेला नाही. मी एकटा आहे आणि माझ्या घरच्याही अडचणी आहेत. चारपाच जण नियमाने येऊ लागले तर बघू, नाही तर महिनाअखेरीला कुलूप लावतो. कुलूप लागलं की सगळं वाचता येईल, काहीच बदलता येणार नाही. त्रेसष्ट वाचनालयांनी आपापली दुसरी सोय बघावी.

त्रेसष्ट हा आकडा तिला तेव्हा कळला.

सूचनेखाली कामांची यादी होती. काही कामांपुढे हिरवी पट्टी लावली होती: ‘नवख्यांसाठी’. शिक्षिकाबाईंची अडचण घुबडाने एका दिवसात निस्तरली. पण ताई त्या यादीपाशी थांबून राहिली.

थांबली खरी, पण पुढचं सगळं अवघडच होतं. पडद्यावरच्या एका बटणाचा रंग बदलायचं काम तिने हेरून ठेवलं. बटण म्हणजे कुठलं हे समजून घेईपर्यंत कोणा ‘वादळ’ नावाच्या पोराने अकरा मिनिटांत ते उरकलं होतं. दुसरं एक काम तिने हक्काने मागून घेतलं आणि त्याच्या पहिल्याच वाक्यातले चार शब्द तिला कळले नाहीत. तिने ते निमूट परत केलं. हे सगळे सोपं म्हणतात तरी कशाला, असं तिला वाटलं. सत्तेचाळिसाव्या वर्षी बालवाडीत नाव घातल्यासारखी ती त्या यादीत वर-खाली करत राहायची. वादळ पुन्हा फिरकलं नाही.

“असंच असतं,” घुबडाने लिहिलं. “येतात, एक काम करतात, नोकरीच्या अर्जाला जोडतात आणि जातात. माझी तक्रार नाही. तुम्ही कशासाठी आलात?”

ताईची बोटं कीबोर्डवर थांबली. बाहेर वाचनकक्षात कोणीतरी खुर्ची सरकवली.

“सहज,” तिने लिहिलं.

“मग एक सांगतो. प्रोग्रॅम येत नसेल तर सगळ्यात सोपं काम म्हणजे वाचणं. माहितीपुस्तक पहिल्यापासून वाचा आणि जिथे अडाल ती जागा लिहून काढा. नवखा जिथे अडतो ती जागा जुन्याला दिसत नाही.”

हे मात्र तिला जमण्यासारखं होतं. वही घेऊन ती बसली आणि अकरा ठिकाणी अडली. अकराच्या अकरा जागा लिहून पाठवल्या. घुबडाने उत्तर दिलं, “सहा वर्षांत हे कुणी सांगितलं नव्हतं.” त्या संध्याकाळी ती आईकडे गेली तेव्हा तिच्या चालण्यात थोडी घाई होती.

“जमतंय का गं तुला ते त्याचं?” आईने विचारलं.

“थोडं थोडं. परवा एक शब्द खोडला.”

“खोडला? त्याने लिहिलेला?”

“दोनदा पडला होता, आई.”

आई हातातल्या टॉवेलच्या घड्या घालत राहिली. घडी झाली, तिने पुन्हा उलगडली, पुन्हा घातली.

“दोनदा पडला होता तर पडू द्यायचा होतास,” ती म्हणाली.

ताईने चहाचे कप विसळले, धाकट्याच्या खोलीचं दार बंद आहे ना ते बघितलं आणि निघाली.

महिनाअखेरीला दहा दिवस उरले होते. चारपाच जण सोडाच, नियमाने येणारी ती एकटीच होती. शनिवारी दुपारी वाचनालयात शुकशुकाट असतो. तिने यादी उलटी लावून पाहिली, सगळ्यात जुनं काम सगळ्यात वर. पहिलंच काम चार वर्षांपूर्वीचं होतं. हिरवी पट्टी, ‘नवख्यांसाठी’. मांडणारा: धाकटा.

‘“नोंद अस्तित्वात नाही” हा संदेश बदलणे,’ असं शीर्षक होतं. खाली त्याने लिहिलं होतं: “पुस्तक सापडत नाही तेव्हा आपला प्रोग्रॅम हे बोलतो. माणूस असं बोलत नाही. खिडकीवर वर्षानुवर्षं बसलेल्या माणसाच्या तोंडचं एक वाक्य हवं. प्रोग्रॅमिंग यायची गरज नाही. पाच मिनिटांचं काम.”

त्याखाली चार वर्षांतल्या लोकांच्या विचारणा होत्या.

“मी घेऊ का?”

“माफ करा, हे राखीव आहे,” धाकट्याचं उत्तर.

सात महिन्यांनी दुसरा कोणी: “हे अजून उघडं दिसतंय. करू?”

“अजून राखीवच आहे. खालची तीन कामं बघा, तीही सोपी आहेत.”

मग एक चिडका: “एका वाक्यासाठी दोन वर्षं? मी आत्ता करून देतो.”

“माहीत आहे. पाच मिनिटांचंच आहे. पण हे माझ्या बहिणीचं आहे. तिला वेळ मिळाला की ती करेल.”

शेवटची विचारणा गेल्या वर्षीची होती. तिथेही त्याने तेच सांगितलं होतं, फक्त थोडक्यात. “ताई करेल.”

ताईने पडद्यावरून नजर काढली. समोर कार्डांचं जुनं कपाट होतं, त्याचे पितळी कड्या असलेले खण ती एकेक करून बघत राहिली. काही मोजत नव्हती, नुसती बघत होती.

‘नोंद अस्तित्वात नाही’ हे वाक्य तिने आधी पाहिलं होतं. याच इमारतीत, वरच्या मजल्यावर. धाकट्याने प्रोग्रॅम मुळात केला तो तिच्यासाठी, त्या खणांमध्ये दिवसभर बोटं घालून तिची नखं झिजलेली पाहून. आठ महिने खपला आणि कार्यकारी मंडळापुढे दाखवायला घेऊन आला. अंगातला शर्ट तिनेच इस्त्री करून दिला होता. अध्यक्षांनी स्वतः एका पुस्तकाचं नाव टाइप केलं, स्पेलिंग चुकवून, आणि पडद्यावर उमटलं: ‘नोंद अस्तित्वात नाही.’

“म्हणजे पुस्तक अस्तित्वात नाही, की तुमची नोकरी?” अध्यक्षांनी विचारलं.

सगळे हसले. टेबलाच्या टोकाशी सभेचं इतिवृत्त लिहायला ताई बसली होती. तीही हसली. फार नाही, साहेबलोक हसले म्हणून ओठ हलले, घशातून बारीकसा आवाज निघाला, एवढंच. पण त्याच क्षणी धाकट्याने मान वर केली होती आणि त्याची नजर सरळ तिच्यावर आली होती. मग तो खाली वाकून वायरी गुंडाळू लागला. मंडळाने पुढे एका कंपनीचा प्रोग्रॅम घेतला. धाकटा पुन्हा कधी वाचनालयाची पायरी चढला नाही. दोघांत भांडण असं झालं नाही, बोलणंही सुटलं नाही. एकदाच, दोन वर्षांनी, त्याने फोन केला होता.

“ताई, एक छोटंसं काम होतं. पाच मिनिटांचं. तुलाच जमेल असं.”

“अरे, मला कुठला वेळ! आणि तू तुझं नोकरीचं बघ आधी.”

“बरं. वेळ मिळाला की सांग.”

पुन्हा त्याने विचारलं नाही. इथे मात्र तो लोकांना सांगत राहिला होता.

रविवार तिने कसा काढला ते तिचं तिला ठाऊक. सोमवारी ती खिडकीवर बसली. अकराच्या सुमाराला नेहमीचे एक निवृत्त ओव्हरसियर आले, त्यांना पाहिजे असलेलं प्रवासवर्णन कपाटात नव्हतं.

“सध्या बाहेर गेलंय,” ताई म्हणाली. “आलं की तुमच्यासाठी बाजूला ठेवते.”

ओव्हरसियर मान डोलावून गेले. ताईने स्वतःचं बोलणं ऐकलं आणि ती जागच्या जागी थिजली. बावीस वर्षं दिवसातून दहादा ती हेच म्हणत आली होती. त्याला एवढंच हवं होतं. फोनवरसुद्धा सांगता आलं असतं.

सुट्टी झाल्यावर डबा न उघडता तिने त्या कामाखाली लिहिलं, “हे मी करू का?”

घुबडाचं उत्तर लगेच आलं.

“नाही देवघेवसाहेब. वरचं वाचलं असेल तुम्ही. हे राखीव आहे.”

“पण कुलूप लागणार ना? मग ते तसंच राहील.”

“राहू दे. कुलूप लागलं तरी वाचता येईल. ती कधी आली तर तिला दिसेल. तो गेल्यावर हे काम बंद करून टाकायला बसलो होतो मी, हात धजला नाही.”

ताईने ‘मीच ती’ एवढं टाइप केलं. पाठवण्याआधी, का कोण जाणे, ते खोडून वेगळंच विचारलं.

“तिच्याबद्दल काही सांगायचा का तो?”

या वेळी उत्तराला वेळ लागला. पडद्यावर तीन ठिपके उमटत होते, विझत होते, पुन्हा उमटत होते.

“आम्ही कधी भेटलो नाही. पण सहा वर्षं रोज बोलणं होतं. तुम्हाला म्हणून सांगतो, फार चांगलं काम करताय म्हणून. त्याने हा प्रोग्रॅम पहिल्यांदा दाखवला तेव्हा त्याची पार फजिती झाली होती. भरल्या खोलीत लोक हसले त्याला. मी विचारलं होतं, मग तू हे सोडून का नाही दिलंस? तर म्हणाला, सगळे हसले, एकटी ताई तेवढी हसली नाही. तिच्याकडे बघूनच मी तिथून नीट बाहेर येऊ शकलो.”

ताईने वाचलं. पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना अक्षरं एकमेकांत शिरू लागली, तेव्हा तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला. चष्म्याशिवाय पडदा नुसता पांढरा दिसत होता.

बाहेर कोणीतरी खिडकीच्या काचेवर बोटांनी टकटक केलं. “आहे का कोणी?” सुट्टी संपायला अजून वीस मिनिटं होती. ताईने आतूनच हात हलवून थांबायची खूण केली. तिने चष्मा लावला, दोन्ही हात कीबोर्डवर ठेवले आणि ते तसेच ठेवून बसली.

“आहात ना?” घुबडाने विचारलं.

“आहे.”

“वाईट वाटून घेऊ नका साहेब. ते वाक्य तुम्हीही चांगलंच लिहिलं असतंत. पण ते तिचंच आहे.”

“बरोबर आहे,” तिने लिहिलं. “नका देऊ कुणाला.”

मग थोड्या वेळाने, एकेक अक्षर शोधत, “दुसरं काही सोपं शिल्लक आहे का?”

“सोपं आहे, पण कंटाळवाणं आहे. वाचकांच्या नावांच्या यादीचं पान आहे, त्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या शंभरेक चुका आहेत. आठ दिवसांत कुलूप लागणार, आता ते करून तरी काय उपयोग म्हणा.”

“चालेल,” ताईने लिहिलं आणि आपली प्रत काढायला घेतली.